ढगांतून पडलेले चौघे: ल्यों, इ.स. 815 च्या सुमारास

तीन पुरुष आणि एक बाई. काही दिवस बेड्या घालून डांबून ठेवलेल्या या चौघांना आजच्या फ्रान्समधल्या ल्यों परिसरातल्या लोकांनी सभेपुढे आणलं. आरोप असा होता की हे ढगांमधून चालणाऱ्या जहाजांतून खाली पडले आहेत. शिक्षाही लोकांनी आधीच ठरवली होती: दगडांनी ठेचून मारायचं. सभेला आगोबार हा धर्माधिकारी हजर होता. त्याने बराच वेळ वाद घातला आणि शेवटी चौघांना धरून आणणाऱ्यांनाच खाली मान घालावी लागली. चोर सापडला म्हणजे जसा फजीत होतो तसे ते फजीत झाले, असं त्याने यिर्मया संदेष्ट्याच्या शब्दांत लिहून ठेवलं.

ही हकिगत आगोबारच्या गारा आणि मेघगर्जना यांच्यावरच्या एका छोट्या ग्रंथात येते. ग्रंथात जेमतेम सोळा प्रकरणं आहेत आणि काही प्रकरणं तर एका परिच्छेदाची. 815 ते 817 च्या दरम्यान तो लिहिला गेला. आगोबारचा जन्म 769 च्या सुमाराचा, बहुधा स्पेनमधला. 792 मध्ये तो ल्योंला आला, आर्चबिशप लायड्राडच्या हाताखाली वाढला आणि 816 मध्ये स्वतः आर्चबिशप झाला. जुन्या अंधश्रद्धा मोडून काढण्याच्या चर्चच्या शेकडो वर्षांच्या खटाटोपात हे प्रकरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. बाकीच्या ठिकाणी आपल्या हाती लागतात त्या बंदीच्या याद्या. इथे एका माणसाने साक्षीदार शोधले, त्यांची उलटतपासणी केली आणि पैसा कुठे जातो तेही पाहिलं.

आधी लोक नेमकं काय मानत होते ते पाहू. आगोबार म्हणतो की या भागातले जवळजवळ सगळे लोक, उमराव आणि सामान्य, शहरातले आणि खेड्यातले, म्हातारे आणि तरुण, गारा आणि गडगडाट माणसाच्या इच्छेने होतात असं समजतात. ढग गरजले, वीज चमकली की लोक म्हणत, ‘हे उठवलेलं वारं आहे.’ हे वारं उठवणाऱ्यांना लॅटिनमध्ये टेंपेस्टारी म्हणत. ते मंत्राने वादळ उभं करतात, पीक आडवं होतं, आणि मग मॅगोनिया नावाच्या देशातून ढगांवरून जहाजं येतात. पडलेलं धान्य आणि फळं खलाशी जहाजात भरून नेतात आणि वादळ उठवणाऱ्यांना त्याचा मोबदला देतात. म्हणजे ही लोकांच्या मनातली एक पुरी बाजारपेठ होती. माल पाडणारा, माल उचलणारा आणि मोबदला चुकवणारा असे तिघेही तिच्यात होते.

याला आणखी एक पुरवणी होती. काही टेंपेस्टारी म्हणे इतके कसलेले, की सगळ्या मुलखावर विखरून पडणाऱ्या गारा ते एकाच जागी पाडू शकतात: नदीवर, निरुपयोगी रानावर, किंवा एखाद्या लाकडी पिंपावर, ज्याच्याखाली तो स्वतः लपून बसलेला असतो. पिंपाचा हा तपशील वाचला की लोकांची कल्पना किती बारकाव्याची होती ते कळतं. ही गोष्ट अनेक तोंडांतून फिरत घासून घासून पक्की झालेली होती.

असा समज त्याच मुलखात का टिकला, हे समजायला अवघड नाही. ल्यों रोन आणि साओन या नद्यांच्या संगमावर आहे. भोवती शेतं आणि द्राक्षमळे आहेत, आणि उन्हाळी गारपीट हे तिथलं जुनं दुखणं आहे. गारपिटीचा पट्टा अरुंद असतो. एकाचा मळा झोडपून निघतो आणि बांधापलीकडच्याचं पानही फाटत नाही. दुष्काळ सगळ्यांना सारखा भाजतो, गारा मात्र निवडून मारल्यासारख्या पडतात. निवडून मारलं असेल तर मारणारा कुणीतरी असलाच पाहिजे, इथे मन लगेच जातं.

आता चर्च आणि राजसत्ता यांनी तोवर काय केलं होतं ते बघायला हवं, कारण आगोबारचं वेगळेपण त्याशिवाय दिसत नाही. 561 मध्ये ब्रागाच्या धर्मपरिषदेने, सैतान स्वतःच्या अधिकाराने मेघगर्जना, विजा आणि वादळं करतो असं मानणाऱ्याला बहिष्कृत ठरवलं. हा नियम समजुतीवर होता. पण पुढचे बहुतेक कायदे कृतीवर आले. सातव्या शतकातल्या स्पेनच्या व्हिसिगॉथिक कायद्यात, मंत्र म्हणून द्राक्षमळ्यांवर आणि पिकांवर गारा पाडणाऱ्याला 200 फटके, विद्रूप दिसेल असं मुंडण आणि शेजारच्या दहा वस्त्यांमधून धिंड अशी शिक्षा होती. प्रायश्चित्ताच्या पुस्तकांत वादळ पाठवणाऱ्याला सात वर्षं प्रायश्चित्त सांगितलं आहे, त्यातली तीन फक्त भाकरी आणि पाण्यावर. 743 च्या सुमाराला तयार झालेल्या तीस कलमांच्या एका यादीत बाविसावं कलम वादळं आणि शिंगं यांच्याबद्दल आहे. फ्रँक लोकांचा राजा आणि पुढे सम्राट झालेला शार्लमेन याच्या 789 च्या मोठ्या फर्मानात टेंपेस्टारींचं नाव घेऊन सांगितलं की असे लोक जिथे असतील तिथे त्यांना सुधारावं, नाहीतर शिक्षा करावी. त्याच फर्मानात झाडं, खडक आणि झरे यांच्यापाशी दिवे लावण्यालाही बंदी आहे.

या सगळ्या नियमांत एक भोक आहे आणि ते मोठं आहे. वादळ उठवणाऱ्याला 200 फटके सांगणारा कायदा वाचून शेतकरी काय समजणार? वादळ उठवता येतं, हेच. राजा आणि बिशप दोघेही त्या माणसाला घाबरतात, हेही. बंदी घालता घालता कायद्याने त्या धंद्याला दाखलाच देऊन टाकला. सॅक्सनीसाठी शार्लमेनने काढलेल्या कायद्यात मात्र उलटी बाजू धरली आहे: एखादी बाई किंवा पुरुष चेटूक करून माणसं खातात असं मानून त्यांना जाळणाऱ्याला मृत्युदंड. म्हणजे राजदरबारात दोन्ही विचार एकाच वेळी नांदत होते. गावातल्या पाद्र्याने त्यातला कुठला उचलायचा, हे त्याच्यावर सोडलेलं होतं.

गावचे पाद्रीही या प्रकारापासून अलिप्त नव्हते. 789 च्याच एका फर्मानात सांगितलं आहे की चर्चच्या घंटांना बाप्तिस्मा देऊ नका आणि गारांसाठी काठ्यांवर लिहिलेले कागद टांगू नका. इथे कागद म्हणजे चर्मपत्राचे तुकडे. त्या काळी खेड्यात लिहिता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती बहुतेक चर्चच्या सेवेतली. तेव्हा काठीवर टांगायचा मजकूर कोण लिहून देत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आगोबारने या सगळ्याला दुसऱ्याच टोकाकडून हात घातला. वादळ उठवणाऱ्याला काय शिक्षा करावी, हा प्रश्न त्याने घेतलाच नाही. असा माणूस आहे तरी का, हे त्याने विचारलं.

त्याची चौकशीची रीत बघण्यासारखी आहे. अमुक ठिकाणी असं घडलं हे पक्कं माहीत आहे, असं सांगणारे त्याला पुष्कळ भेटले. ‘मी पाहिलं’ म्हणणारा मात्र कुणी भेटेना. मग एकदा कुणीतरी सांगितलं की अमक्या माणसाने स्वतः पाहिलं आहे. आगोबारने त्या माणसाला गाठण्यासाठी खटपट केली आणि तो भेटला. मी तिथे हजर होतो, असं तो म्हणू लागला. आगोबारने त्याला विनवण्या केल्या, देवाच्या शपथा घातल्या, खरं असेल तेवढंच बोल म्हणून बजावलं. तेव्हा त्या माणसाने वादळ उठवणाऱ्याचं नाव, जागा आणि वेळ सांगितली, गोष्ट खरी आहे यावरही तो अडून बसला, पण त्या वेळी आपण स्वतः तिथे नव्हतो हे त्याने कबूल केलं.

या तपासाचा टप्पा नीट पाहा. साक्षीदार खोटारडा आहे असं आगोबार म्हणत नाही. तो माणूस मनापासून बोलत होता, नाव, गाव, वेळ सगळं देत होता, आणि तरी पाहिलेलं काहीच नव्हतं. अफवेला तपशील फुटतात, साक्षीदार फुटत नाही. त्यामुळे तपशील जितके भरघोस तितकं प्रकरण खरं, हा हिशोब इथे चुकतो. तपासायचं असतं ते एवढंच की सांगणारा त्या जागी, त्या वेळी उभा होता का.

ग्रंथाचा मोठा भाग बायबलच्या वचनांचा आहे आणि आजच्या वाचकाला तो पटकन उलटून पुढे जावंसं वाटतं. तसं करू नये, कारण खरी अडचण तिथेच होती. निर्गम पुस्तकात मोशेने आकाशाकडे काठी उगारली आणि मिसरावर, म्हणजे इजिप्तवर, गारा पडल्या. शमुवेलाने गव्हाच्या कापणीच्या दिवसांत प्रार्थना केली आणि गडगडाटासह पाऊस आला. एलीयाच्या शब्दावर पाऊस थांबला आणि पुन्हा पडला. मग माणसाच्या हाताने वादळ येत नाही असं बिशप कुठल्या तोंडाने सांगणार? आगोबारचं उत्तर असं की या प्रत्येक ठिकाणी कर्ता देव आहे. प्रार्थना करणारे देवाचे निवडलेले लोक होते, आणि त्यातून देवाच्याच योजना पार पडल्या. मिसरचा राजा फारो याच्या जादूगारांना तर साध्या उवासुद्धा निर्माण करता आल्या नाहीत. मग जे लोक सगळ्यांच्या मते दुष्ट आहेत त्यांच्या हातात देव गारा कशाला देईल? गारांचा अधिकार माणसाला देणं म्हणजे देवाचं काम माणसाच्या नावावर चढवणं, आणि असं मानणारा माणूस अर्धाच श्रद्धावान राहतो, हा त्याचा मुद्दा.

त्याला आजचा बुद्धिवादी ठरवण्याचा मोह म्हणूनच आवरायला हवा. गारा का पडतात याचं नैसर्गिक कारण त्याला सांगायचं नव्हतं. त्याच्या लेखी गारा देवच पाडतो. पण एकदा सगळा अधिकार एका देवाकडे गेला की ल्योंच्या सभेतल्या चार माणसांवरचा आरोप आपोआप ढासळतो, आणि बेड्यांतल्या माणसाला त्या घडीला तेवढं पुरेसं होतं.

मधेच तो व्यवहारातला सवालही टाकतो आणि तो फार बिनतोड आहे. त्या वर्षी कापणी झाल्यावर पेरणीच्या वेळी जमीन कोरडी पडली होती. मग तुमच्या त्या टेंपेस्टारींना गाठून उठवलेलं वारं आणा की, जमीन भिजेल आणि पेरता येईल, असं तो लोकांना म्हणतो. ज्याला पाऊस पाडता येतो त्याला तो हवा तेव्हाही पाडता आला पाहिजे. असं मात्र कुणी कधी केलेलं नव्हतं, कुणी ऐकलंही नव्हतं.

शेवटच्या प्रकरणात तो काही वर्षांमागची एक घटना सांगतो आणि ती ढगांतल्या जहाजांपेक्षा भयंकर आहे, कारण तिथे माणसं मेली. 810 मध्ये साम्राज्यात गुरांची मोठी साथ आली होती. फ्रँकिश राजवृत्तांत म्हणतो की शार्लमेनच्या सैन्याबरोबरची जवळजवळ सगळी गुरं मेली. अफवा उठली की इटलीतल्या बेनेव्हेंटोच्या ग्रिमोआल्ड ड्यूकने शार्लमेनशी असलेल्या वैरापोटी माणसांबरोबर विषारी भुकटी पाठवली आणि ती शेतांत, डोंगरांवर, कुरणांत आणि झऱ्यांत टाकली जाते आहे. बेनेव्हेंटोशी वैर होतं हे खरं. 812 च्या तहात त्यांच्याकडून 25,000 सोन्याची नाणी घेण्याचं ठरलं. अफवेला धरायला एवढा एक खरा धागा पुरला. पुष्कळ लोकांना पकडलं, काहींना मारलं, बऱ्याच जणांना फळ्यांना बांधून नदीत फेकून दिलं.

इथे आगोबार साध्या प्रश्नांनी अफवा उलगडतो. अशी कुठली भुकटी आहे जी फक्त गुरांनाच मारते आणि बाकीच्या जनावरांना काही करत नाही? एवढ्या अफाट मुलखावर ती नेऊन पसरली कशी? बेनेव्हेंटोतले सगळे, बायका-पुरुष, म्हातारे-तरणे, प्रत्येकी तीन गाड्या भुकटी घेऊन निघाले असते तरी पुरली नसती. हा गाड्यांचा हिशोब म्हणजे या ग्रंथाचा कळस आहे असं माझं मत आहे. अंधश्रद्धेपुढे त्याने परिमाण ठेवलं: किती माल, किती माणसं, किती वाहनं.

त्याला सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. पकडलेले लोक स्वतःच कबुली देत होते. आमच्याकडे भुकटी होती, आम्ही ती टाकली, असं सांगत होते आणि मरणाच्या भीतीनेही मागे फिरत नव्हते. आगोबारला याचा उलगडा सैतानाच्या पगड्यात सापडला. कबुलीजबाब म्हणजे पुरावा नव्हे, हे मात्र त्याला कळलं होतं. एवढ्या लोकांनी कबूल केलं म्हणून भुकटी खरी, असं तो क्षणभरही धरत नाही. पुढे सहा-सातशे वर्षांनी युरोपातल्या चेटकिणींच्या खटल्यांत न्यायाधीशांनी कबुलीवरच माणसांना फाशी दिली आणि जाळलं, हे ध्यानात घेतलं की या चार ओळींचं वजन कळतं.

आता पैशाकडे येऊ. आगोबारने पंधराव्या प्रकरणात जे लिहिलं आहे ते इतर कुठल्या प्रवचनात सापडत नाही. काही लोक गावोगाव सांगत, आम्हाला वादळ पाठवता येत नाही, पण वादळापासून तुमचं गाव राखता येतं. त्याबद्दल पिकातला किती वाटा द्यायचा हे ठरलेलं असे आणि त्याला कॅनॉनिकम म्हणत. दुसरीकडे 779 च्या हर्स्टालच्या फर्मानाने चर्चला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देणं सक्तीचं झालं होतं. आगोबारची तक्रार अशी की पुष्कळ लोक पाद्र्याला दशांश खुशीने देत नाहीत, विधवांना, अनाथांना, गरिबांना भीक घालत नाहीत. वारंवार सांगा, वाचून दाखवा, गळ घाला, फरक पडत नाही. कॅनॉनिकम मात्र कुणी न मागता, न सांगता वेळेवर पोचतं.

विदर्भातल्या वाचकाला इथे गारपगारी समाज आठवेल. गावावर आलेल्या गारा वळवणं हे त्यांचं परंपरागत काम आणि त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देत. दोन्ही मुलखांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, पण गाऱ्हाणं एकच होतं, आणि खळ्यावर धान्य मोजून देण्याची रीतही जवळची.

दशांश तुंबतो आणि कॅनॉनिकम तुंबत नाही, याचं कारण आगोबारने सैतानाच्या मोहात शोधलं. मला ते पिकाच्या हिशोबात दिसतं. एका विशिष्ट शेतावर जबर गारपीट दरवर्षी होत नाही. त्यामुळे राखणाऱ्याचा शब्द बहुतेक वर्षी खरा ठरतो. गारा पडल्याच तर वादळ उठवणारा जास्त ताकदीचा निघाला, एवढं म्हटलं की झालं. दशांश देणाऱ्याला त्या बदल्यात पिकाबद्दल कसलाच शब्द मिळत नव्हता. उपदेश कितीही चोख असला तरी शेतकऱ्याची भीती जिथे होती तिथे चर्चकडे द्यायला काही नव्हतं, आणि जिथे काही दिलं गेलं, म्हणजे घंटा आणि काठीवरचे कागद, तिथे राजाने बंदी घातली. ही बंदी फार काळ टिकली नाही. गारा आणि वादळं दूर राहावीत अशी प्रार्थना घंटेच्या आशीर्वाद-विधीत पक्की बसली आणि युरोपभर वादळ आलं की घंटा वाजवण्याची चाल कित्येक शतकं राहिली.

आगोबारच्या शहाणपणालाही हद्द होती आणि ती झाकू नये. द्वंद्वयुद्धाने आणि अग्निदिव्यासारख्या कसोट्यांनी न्याय करण्याविरुद्ध त्याने लिहिलं, तिथे तोच चौकस माणूस दिसतो. पण 820 च्या दशकात ल्योंमधल्या यहुद्यांविरुद्ध त्याने जी पत्रं लिहिली त्यांत विखार आहे. ढगांतून पडल्याचा आरोप असलेल्यांसाठी जो पुरावा मागायला उभा राहिला, तो शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या यहुद्यांच्या बाबतीत तेवढा काटेकोर राहिला नाही. 835 मध्ये शार्लमेनचा मुलगा सम्राट लुई याच्याविरुद्धच्या बंडातल्या सहभागाबद्दल त्याला पदावरून काढलं, 838 च्या सुमारास परत घेतलं आणि 840 मध्ये तो वारला.

त्याच्या ग्रंथाचा त्या काळी फारसा परिणाम झाला नाही. 829 च्या पॅरिस परिषदेत बिशपांनी पुन्हा जुनाच सूर लावला: जादूटोणा करणारे हवा बिघडवतात, गारा पाठवतात, पिकं आणि दूध पळवतात असं म्हणतात, तेव्हा त्यांना राजाने कडक शिक्षा करावी. ग्रंथ स्वतः नवव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितात उरला. 1605 मध्ये पापीर मासों या अभ्यासकाला ते ल्योंमध्ये एका पुस्तकबांधणाऱ्याकडे मिळालं. तो ते कापून इतर पुस्तकांच्या बांधणीला वापरण्याच्या बेतात होता. मासोंने ते छापलं. आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आगोबारचा प्रश्न मात्र चर्चमध्ये दुसऱ्या वाटेने परत आला. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला वर्म्सचा बिशप बुर्खार्ड याने पाद्र्यांसाठी कबुलीच्या वेळी विचारायच्या प्रश्नांची लांबलचक जंत्री केली. तिच्यातला एक प्रश्न असा: मंत्र म्हणणारे आणि स्वतःला वादळ पाठवणारे म्हणवणारे लोक भुतांना बोलावून वादळं उठवू शकतात किंवा माणसांची मनं फिरवू शकतात, असं तू कधी मानलंस का, किंवा त्यात सामील झालास का? होय म्हटलं तर नेमून दिलेल्या उपासाच्या दिवशी एक वर्षभर प्रायश्चित्त. जुन्या पुस्तकांतली सात वर्षं वादळ पाठवणाऱ्याला होती. हे एक वर्ष त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला होतं.